घरात मृत्यू झाल्यावर: अमरधामापासून वर्षश्राद्धापर्यंत, नाशिककरांसाठी

घरात माणूस गेला की पहिला फोन नातेवाइकांना जातो, दुसरा तिरडीचं सामान आणून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला. डॉक्टरांची आठवण होते ती कुणीतरी जुनंजाणतं माणूस येऊन विचारतं तेव्हा. पुढे महिनोन् महिने जे हेलपाटे पडतात, त्यांतले बरेचसे या उलट्या क्रमामुळे.

नाशिकमध्ये सगळं हाताशी आहे. अमरधाम, म्हणजे स्मशानभूमी, शहरातच, गंगा, म्हणजे आपली गोदावरी, शहरातच, गुरुजी गल्लोगल्ली. त्यामुळे आपण धावत सुटतो आणि जिथे थांबायला हवं तिथेही धावतो. खरी घाई लागते ती मोजक्या गोष्टींना: डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नेत्रदान, कागदावर नाव बरोबर लिहिलं जाणं. पंगत किती जणांची, कुठला विधी, जमिनीचं काय, हे सगळं थांबू शकतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिले दोन तास

सर्वांत आधी सूत्रं एका माणसाच्या हातात द्या. तो मुलगा किंवा मुलगी नको. जावई, भाचा, शेजारी, ऑफिसातला मित्र, कुणीही चालेल, पण फोन उचलणारा, डोकं शांत असलेला आणि घरच्यांना 'नाही' म्हणू शकणारा हवा. पैसेही त्याच्याकडेच एकत्र ठेवा आणि एक वही द्या. कुणी काय आणलं, कुणी किती दिले, हे लिहिलं नाही तर तेराव्यानंतर भावाभावांत त्यावरून वाजतं.

मृत्यू घरी झाला असेल तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांना बोलवा. ते तपासून मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र देतात. घरच्या मृत्यूसाठी त्याला नमुना ४ अ म्हणतात, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४. कायद्याने हे प्रमाणपत्र विनामूल्य आहे. अमरधाम, महापालिका, विमा, बँक, सगळी साखळी या एका कागदावर उभी राहते. ज्या डॉक्टरांनी पेशंटला कधी पाहिलंच नाही ते सही करायला नकार देतील, आणि तो नकार योग्यच असतो. म्हणून अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर फॅमिली डॉक्टरांना अधूनमधून दाखवत राहा आणि फाईल हाताशी ठेवा. कुणीच डॉक्टर मिळत नसतील तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हा पर्याय आहे. मात्र तिथे कारण स्पष्ट नसेल तर शवविच्छेदनाचा निर्णय होऊ शकतो.

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर नोंदणीची माहिती रुग्णालयच महापालिकेला कळवतं. ते कळवतात ते केसपेपरवरचं नाव. रात्री अडीच वाजता ॲडमिट करताना घाईत कुणीतरी 'सुमन पाटील' एवढंच सांगितलेलं असतं आणि आधारवर 'सुमनबाई रामदास पाटील' असतं. रुग्णालय सोडण्याआधी मृताचं आधार कार्ड दाखवून नाव दुरुस्त करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर त्यालाच प्रतिज्ञापत्र, अर्ज आणि चकरा लागतात. आणखी एक गोष्ट: बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. रुग्णांच्या हक्कांच्या सनदेत तसं स्पष्ट म्हटलं आहे. बिलाचा वाद स्वतंत्रपणे सोडवता येतो.

अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, आत्महत्या किंवा नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवल्याशिवाय पुढे काहीही करायचं नाही. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, मग देह ताब्यात मिळतो. 'आता उगाच चिरफाड कशाला' असं म्हणून परस्पर अग्नी देणारे लोक भेटतात. त्यात गुन्ह्याचा धोका असतोच, शिवाय अपघात विम्याचा आणि सरकारी मदतीचा मार्गही बंद होतो, कारण तिथे एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. डॉक्टरांना 'हार्ट अटॅक लिहा ना' अशी गळही घालू नका.

अंगावरचे दागिने दोघांसमोर उतरवून वहीत लिहा. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो दहनाआधी काढावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. रुग्णालयात असतानाच सांगितलं तर तिथे काढून मिळतो.

नेत्रदान आणि देहदान

नेत्रदानाला मृत्यूनंतर साधारण सहा तासांची मुदत असते. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने करता येतं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, यांतलं काहीही सहसा आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. काम अर्ध्या तासाच्या आत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रपेढीची चौकशी सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या मोठ्या नेत्ररुग्णालयात करा. हा फोन नातेवाइकांच्या फोनांच्या आधी व्हायला हवा. मावशी पुण्याहून पोचली आणि मग सगळ्यांचं एकमत झालं, तोवर वेळ गेलेली असते.

देहदान करायचं असेल तर नाशिकजवळ आडगावचं मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाज संस्थेचं) डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि घोटीजवळचं एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी शरीररचनाशास्त्र विभागात फोन करूनच निघा. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह सहसा स्वीकारत नाहीत. दादांनी देहदानाचा फॉर्म भरला होता पण महाविद्यालयाने नकार दिला, असंही होतं. तेव्हा अमरधामाचा पर्याय मनात तयार ठेवा. देहदान केल्यावर अस्थी मिळत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगा. ऐन वेळी सगळ्यांत मोठा वाद याच मुद्द्यावर होतो.

निरोप कळवणं

वेळ ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: कोणाला चेहरा दाखवल्याशिवाय न्यायचं नाही? मुंबईहून किंवा पुण्याहून यायला चार-पाच तास धरावे लागतात, कसारा घाटात गाडी अडकली तर जास्त. परदेशातून मुलगी येणार असेल तर शवागारात ठेवावं लागेल किंवा शीतपेटी भाड्याने आणावी लागेल. शीतपेटी आणली तर लोडशेडिंगचा विचार करा. वेळ एकदा ठरली की पुढे ढकलू नका. आठ म्हणून कळवायचं आणि अकराला निघायचं, यात म्हातारी माणसं उन्हात ताटकळतात.

निरोप छोटा ठेवा:

'आमच्या मातोश्री (पूर्ण नाव), वय ७८, यांचे आज सकाळी ६ वाजता वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी ४ वाजता राहत्या घरून (परिसर, जवळची खूण) निघेल. अंत्यसंस्कार पंचवटी अमरधाम. शोकाकुल: समस्त (आडनाव) परिवार.'

खाली त्या सूत्रधाराचा नंबर, घरच्यांचा नको. वर्तमानपत्रात द्यायचं असेल तर देशदूत, गांवकरी किंवा मोठ्या दैनिकांच्या नाशिक आवृत्तीत निधनवार्ता देता येते. दशक्रियेचा दिवस-वेळ त्यातच टाका, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत. अंत्ययात्रेच्या वेळी घर ओस पडतं हे चोरांनाही कळतं, म्हणून एक माणूस घरी थांबवा.

अमरधामात

शहरात जुन्या नाशकातलं नाशिक अमरधाम, पंचवटी, मोरवाडी, सातपूर, नाशिकरोडकडे दसक अशा वेगवेगळ्या भागांत स्मशानभूमी आहेत. घराजवळची निवडा. 'आमच्यातले सगळे नाशिक अमरधामलाच गेले' हा आग्रह समजण्यासारखा असला तरी सिडकोतून भर दुपारी द्वारका ओलांडून जाण्यात सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

निघण्याआधी माणूस पाठवून ओटा मोकळा आहे का ते पाहून घ्या. शववाहिका, म्हणजे वैकुंठरथ, महापालिकेच्या आहेत, सामाजिक संस्थांच्याही आहेत. शहरवासीयांसाठी महापालिकेची मोफत अंत्यसंस्कार योजना आहे. त्यात कोणतं साहित्य मिळतं ते तिथल्या फलकावर वाचा किंवा नोंद करणाऱ्याला विचारा, आणि मगच बाहेरून काय आणायचं ते ठरवा. लोक संकोचाने विचारतच नाहीत आणि सगळं दुप्पट आणतात. लाकूड, गोवऱ्या यांखेरीज लागतं ते साधारण असं: तिरडीसाठी बांबू व कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल-बुक्का, हार, तुळस, गंगाजल, तूप, कापूर, राळ, चंदनाचा तुकडा, पंचा-धोतर, नारळ. दशक्रियेच्या सामानाच्या दुकानात 'अंत्यविधीचं सामान' एवढं म्हटलं की बांधून देतात.

सोबत डॉक्टरांच्या प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स, मृताचं आणि माहिती देणाऱ्याचं आधार कार्ड ठेवा. तिथे रजिस्टरमध्ये नोंद होते आणि पावती मिळते. त्या वेळी कुणाचंच लक्ष नसतं आणि ती पावती खिशातच भिजते. लगेच मोबाईलमध्ये फोटो काढा.

लाकूड की विद्युत दाहिनी? नाशिक अमरधामात विद्युत दाहिनी आहे. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात दुसरा विचारच करू नये. ओली लाकडं, धूर, तास न् तास थांबलेली मंडळी, यापेक्षा ते सुटसुटीत, शिवाय अस्थी त्याच दिवशी मिळू शकतात. मडक्याला भोक पाडून प्रदक्षिणा, पाणी पाजणं, अग्नी देण्याआधीचे विधी हे सगळं विद्युत दाहिनीतही करता येतं. मडकं फुटतं तेव्हा जो दगड उचलतात तो जीवखडा, अश्मा. तो दहाव्यापर्यंत लागतो. ज्याच्या हाती दिला त्याचं नाव वहीत लिहा. पिशवीबरोबर तो कचऱ्यात गेल्याची उदाहरणं आहेत.

अग्नी कोणी द्यायचा यावर कायद्याचं कसलंही बंधन नाही. मुलगी, सून, पत्नी, कुणीही देऊ शकतं. नाशकात मुलींनी खांदा आणि अग्नी देणं आता नवल राहिलेलं नाही. गुरुजींना मात्र पहिल्या फोनवरच सांगा, चितेजवळ वाद नको. त्याच फोनवर घरातल्या बायकांनी आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी: गेलेल्या माणसाच्या पत्नीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं होणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तेच आवाहन केलं. तरीही त्या क्षणी कुणीतरी काकू पुढे येतातच. त्यांना अडवायला कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं असावं.

पंचकात, म्हणजे पंचांगात अशुभ मानलेल्या पाच नक्षत्रांच्या काळात, मृत्यू झाला असेल तर गुरुजी दर्भाच्या पुतळ्यांचा वेगळा विधी सांगतात. तो दहनाच्या वेळीच होतो, म्हणून वेळ कळवतानाच पंचांग पाहायला सांगा.

बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील आणि नंतर जलदान विधी, लिंगायत आणि महानुभाव घरांत दफन, मुस्लिम घरांत गुस्ल (देहाला स्नान), कफन, जनाजाची नमाज आणि शक्यतो त्याच दिवशी दफन, सत्यशोधक पद्धतीने पुरोहिताशिवाय विधी. रीत वेगळी असली तरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि दफन-दहनाची नोंद सगळ्यांना सारखीच लागते.

सावडणं आणि अस्थी

राख सावडायला कधी यायचं ते अमरधामातून निघतानाच विचारा. गावाकडे तिसऱ्या दिवशी सावडतात. शहरात ओटा लागतो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच करावं लागतं. अस्थी मडक्यात भरून पांढऱ्या कापडाने तोंड बांधा आणि वर नाव लिहा. बहुतेक घरांत अस्थी आत नेत नाहीत, अमरधामातच किंवा बाहेर झाडाला टांगून ठेवतात.

विसर्जन रामकुंडात. तिथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून महाराष्ट्रभरातून लोक येतात. श्रीरामाने दशरथाचं पिंडदान इथेच केलं, ही कथाही त्यामागे आहे. आपण मात्र गावचे, तेव्हा गर्दीच्या वेळी जायची गरज नाही. अगदी सकाळी जा. प्लास्टिकची पिशवी, हार, फोटोची काच हे पाण्यात टाकू नका. राख जास्त असेल तर मूठभर अस्थी विसर्जित करून उरलेली राख शेतात किंवा झाडाच्या आळ्यात घालणारी कुटुंबं आता बरीच आहेत. गंगेची अवस्था पाहता मला हेच पटतं.

गंगेवरचा दहावा

दिवस मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरतात. ५ तारखेला गुरुवारी मृत्यू झाला तर दहावा १४ तारखेला शनिवारी, तेरावा १७ ला. मृत्यू मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयाआधी झाला असेल तर दिवस कोणता धरायचा ते गुरुजींना विचारून मगच पत्रिका छापा.

गुरुजी ठरवताना तीन गोष्टी फोनवर स्पष्ट करा: दक्षिणा किती, साहित्य त्यांचं की आपलं, आणि दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं सगळं धरून की फक्त दहावा. हे विचारण्यात अपमान कसला? गुरुजींनाही स्पष्ट बोललेलं आवडतं. विचारलं नाही की घाटावर ओल्या कपड्यांत घासाघीस होते. क्षौर करणारा न्हावी, पिंडासाठी भात शिजवण्याची सोय, हेही त्यातच विचारून घ्या.

वार बुधवार असेल तर सावध. त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मालेगाव स्टँडकडून उतरायचं की रविवार कारंजाकडून, हे पाहुण्यांना आधीच कळवा. म्हाताऱ्यांना रिक्षाने जितकं खाली जाता येईल तितकं न्या, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. कपडे बदलायला वस्त्रांतरगृह आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंड पाण्याखाली जातं. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं म्हटल्यावर नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. अशा वेळी विधी वरच्या बाजूला हलवतात, जागा आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. २०२७ च्या सिंहस्थामुळे घाटांवर आणि रस्त्यांवर कामं, बंदोबस्त असणार आहे, तेव्हा वाट चालू आहे की नाही हे एक दिवस आधी प्रत्यक्ष पाहून या.

दहाव्याचा खरा क्षण कावळ्याचा. पिंड ठेवला की सगळे लांब उभे राहतात आणि रामकुंडावरचे कावळे, जे एरवी हातातलं हिसकावतात, ते नेमके तेव्हा कठड्यावर बसून राहतात. मग एकेक जण पुढे होतो. 'आईला आम्ही सांभाळू.' 'धाकटीचं लग्न ठरल्याप्रमाणे होईल.' 'द्राक्षबाग विकणार नाही.' वडिलांशी दोन वर्षं न बोललेला भाऊही काहीतरी पुटपुटतो. श्रद्धा असो-नसो, घरातल्या अडलेल्या गोष्टी चारचौघांत बोलल्या जाण्याची एवढी चांगली सोय आपल्याकडे दुसरी नाही. त्यामुळे या वेळेला घाई करू नका, गुरुजींना पुढचा यजमान असला तरी. पण एक सांभाळा: कावळा शिवावा म्हणून कुणाच्या तोंडून पैशाचं किंवा जमिनीचं वचन काढून घेण्याचा प्रकारही इथेच घडतो. बराच वेळ कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची रीत आहे. त्यात काही कमी राहिलं असं मानायचं कारण नाही.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या असतात. आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते शोधून देतात. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, अशी नोंद अचानक समोर येते. आपल्या माणसाचं नावही त्यात लिहून घ्या, सोबत हयात असलेल्यांची नावं, मुलींची आणि सुनांचीसुद्धा. सांगितलं नाही तर ती राहून जातात.

नाशिक जिल्ह्यातल्या गावांत दशक्रियेला प्रवचन असतं, आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीपर भाषणं. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, मग आजी आणि माजी आमदारांचे प्रतिनिधी. गेलेल्या माणसाचं नाव चुकवणारे वक्तेही यात असतात. प्रवचनाला तासभर आणि भाषणाला घरातलं एक, गावातलं एक, एवढंच सूत्रधाराने ठरवून टाकावं. निवडणुकीचं वर्ष असेल तर हा नियम आणखी कडक पाळा.

पितरांच्या शांतीसाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली किंवा त्रिपिंडी करायला हवी, असं या दहा दिवसांत कुणीतरी सुचवेल. नारायण नागबली तीन दिवसांचा विधी आहे, खर्चही त्या मानाने. तो नंतर, मुहूर्त पाहून करता येतो. तेराव्याच्या आत हो म्हणू नका, महिनाभराने घरात बसून ठरवा.

पंगत आणि दुखवटा

पहिल्या रात्री घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणतात. पुढच्या दिवसांसाठी भाऊबंदांत पाळ्या लावा आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारं कुणी उपाशी नाही ना, हे एकाने बघत राहा.

तेराव्याच्या पंगतीवर होणारा खर्च हा माझ्या मते सगळ्यांत उगाच होणारा खर्च आहे. कर्ज काढून गावजेवण घालायचं आणि पुढचे दोन हंगाम ते फेडायचं, हे कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. निरोपातच दोन ओळी टाका: 'टॉवेल-टोपी, साडी, आहेर आणू नये. कार्य घरगुती स्वरूपात.' एकदा छापून गेलं की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात. तेराव्याला गोडाचं जेवण घरच्या माणसांपुरतं असलं तरी कार्य पुरं होतं.

मृत्यूचा दाखला

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क लागतं. ३० दिवसांपुढे वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालयातली नोंद आपोआप जाते, घरचा मृत्यू मात्र कुटुंबाने कळवायचा असतो. अमरधामात नाव लिहिलं म्हणजे दाखला तयार झाला, असं समजून लोक निवांत राहतात.

नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. सिन्नरचा माणूस नाशकातल्या मुंबई नाक्यावरच्या दवाखान्यात वारला तर दाखला नाशिक महापालिकेकडून, सिन्नरहून नाही. देवळाली कॅम्पातली नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, खेड्यातली ग्रामपंचायतीकडे. महापालिकेत पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. ज्या भागात मृत्यू झाला तिथल्या कार्यालयात जा.

छापण्याआधी मसुदा नजरेखालून घाला. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव, दोन्ही पत्ते, तारीख. जुन्या बायकांच्या बाबतीत खास लक्ष हवं: रेशन कार्डावर 'भागुबाई', सातबाऱ्यावर 'भागीरथीबाई', आधारवर 'भागीरथा'. आधारप्रमाणे नाव घ्या आणि सातबाऱ्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं करा. प्रती सढळ हाताने घ्या, आठ-दहा तरी लागतात. मूळ प्रत कुणालाही देऊन टाकू नका.

पैसे, विमा, जमीन

मृताच्या एटीएमने पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. नॉमिनी असेल तर दाखला, नॉमिनीची ओळखपत्रं आणि दाव्याचा फॉर्म एवढ्यावर बँक रक्कम देते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचे हक्क कायम राहतात. मोबाईलचं सिम मात्र बंद करू नका. सगळे ओटीपी त्यावरच येतात, वर्षभर रिचार्ज करत राहा.

पासबुक घेऊन मे आणि जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वारसाला २ लाख. २० रुपये कापलेले असतील तर सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. कित्येक घरांत हे माहीतच नसतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यात नोकरी असेल आणि पीएफ कापला जात असेल तर पीएफला जोडलेल्या ईडीएलआय विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत मिळू शकते, कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो ३० दिवसांत करायचा. ही मुदत दुखवट्याच्या दिवसांतच संपत येते, म्हणून सूत्रधाराने तेराव्यानंतर लगेच जावं. पेन्शन चालू असेल तर बँकेला ताबडतोब कळवा. जास्तीची जमा झालेली रक्कम नंतर वसूल होते.

सातबाऱ्यावर वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची असते. त्यात सगळे वारस येतात, लग्न झालेल्या मुलीही. दहाव्याला सगळ्या बहिणी आलेल्याच आहेत, तर हक्कसोडपत्रावर सह्या उरकून घेऊ, असा विचार काही घरांत होतो. बहिणींना सरळ सांगतो, सुतकात कुठल्याही कागदावर सही करू नका. वारस नोंदीला हक्कसोडीची गरज नसते. हक्क सोडायचा की नाही हे सहा महिन्यांनी, स्वतःच्या वकिलाला विचारून ठरवता येतं, आणि ज्या भावाला खरोखर प्रेम आहे तो थांबतो.

महावितरणचं मीटर, गॅस, घरपट्टी, पॅन, मतदार यादी ही कामं सावकाश उरकली तरी चालतात.

आठवण ठेवताना

मृत्यूच्या दिवशीची तिथी पंचांगात पाहून दाखल्याच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा: महिना, पक्ष, तिथी. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि इंग्रजी तारीख दर वर्षी पुढे-मागे सरकते. मध्ये अधिक महिना आला, जसा २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, तर पहिल्या वर्षाचा हिशेब गुरुजींकडून करून घ्या.

स्मृतिप्रीत्यर्थ काही द्यायचं असेल तर आधी घेणाऱ्याला विचारा. शाळेला सहावं भिंतीवरचं घड्याळ आणि मंदिराला दहावी स्टीलची समई नको असते. १८४० पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, गावातली शाळा, सिव्हिलमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणारी मंडळी, यांना काय हवंय ते विचारलं तर ते नेमकं सांगतात. घरातल्या पुस्तकांची पोती तशीच नेऊन टाकू नका, यादी करून न्या. झाड लावणार असाल तर ज्याच्या बांधावर लावताय त्याने तीन उन्हाळे पाणी घालायचं कबूल केलेलं असावं.

आणि पहिल्या वर्षात जे सण येतील, दिवाळी, पाडवा, राखी, ते सुतकाचं वर्ष म्हणून कोरडे घालवायचे की लहान मुलांपुरते करायचे, हे त्या-त्या वेळी आलेल्या पाहुण्यांवर सोडू नका. घरच्यांनी बसून एकदाच ठरवा आणि आत्याला, मामाला फोन करून कळवून टाका.